उसन्या प्रकाशात कोबाल्ट

आमची फिल्म बघायला गेलं तर सिलिकॉनचा एक चकचकीत तुकडा. त्यात स्वतःचं तोंड दिसतं, बाकी काही नाही. पण आत कोबाल्टचे बारा थर आहेत, प्रत्येक थर एक नॅनोमीटर जाड, म्हणजे जेमतेम पाच अणू एकावर एक. प्रत्येक कोबाल्टच्या खाली दोन नॅनोमीटर प्लॅटिनम, वर दोन नॅनोमीटर टँटलम. तळाला टँटलमचा पाया आणि डोक्यावर प्लॅटिनमचं झाकण धरून सगळा कारभार 65 नॅनोमीटरमध्ये आटोपतो. ह्या कोबाल्टमध्ये चुंबकत्व कुठे वर तोंड करून बसलंय आणि कुठे खाली, ते प्रत्यक्ष पाहायचं, हे माझ्या पीएच.डी.तल्या एका प्रकरणाचं काम. फिल्म गोव्यात तयार होते. ती पाहायला लागणारा प्रकाश गोव्यात नाही, तो उसना घ्यावा लागतो.

ही उसनवारी लिहून ठेवावीशी वाटली, कारण शोधनिबंधात ती एका ओळीत संपते: नमुने स्पटरिंगने बनवले गेले व क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाने प्रतिमा घेतल्या गेल्या. कर्मणी प्रयोगात सगळं कसं आपोआप झाल्यासारखं वाटतं.

आमच्या मये गावच्या घरी 'चुंबक' म्हटलं की लोकांना खाण आठवते. काका 2012 साली खाणी थांबल्या तोवर टिप्पर चालवायचे. माझं शिक्षण खनिजाशी संबंधित आहे अशी त्यांची बरीच वर्षं समजूत होती. खरं तर गोव्याचं खनिज बहुतांशी हेमॅटाइट, ते साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. कोबाल्टची गोष्ट वेगळी. त्याच्या आत लहान लहान प्रदेश असतात. एका प्रदेशातले सगळे अणू एका दिशेला, शेजारच्या प्रदेशातले भलत्याच. हे डोमेन. पिएर वाइस यांनी 1907 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा कोणी डोमेन पाहिलेले नव्हते. 1931 मध्ये फ्रान्सिस बिटर यांनी चुंबकी भुकटी द्रवातून पृष्ठभागावर सोडली, ती डोमेनच्या सीमांवर जमली आणि रेघा दिसल्या.

आमच्या फिल्ममध्ये प्लॅटिनम आणि कोबाल्ट जिथे भेटतात तिथल्या परस्परक्रियेमुळे चुंबकत्व आडवं न पडता फिल्मला काटकोनात उभं राहतं. सगळं एकाच बाजूला उभं राहिलं तर फिल्मबाहेर क्षेत्र पसरतं आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. म्हणून फिल्म स्वतःला वर-खाली अशा पट्ट्यांत वाटून घेते. पण दोन पट्ट्यांमधली भिंत उभी करायलाही ऊर्जा पडते. ह्या दोन खर्चांच्या घासाघिशीत पट्टीची रुंदी ठरते, आणि आमच्याकडे ती येते दीडशे नॅनोमीटरच्या आतबाहेर. इथेच अडतं. प्रयोगशाळेतला कर (Kerr) सूक्ष्मदर्शक फिल्मवरून परतलेल्या प्रकाशावरून चुंबकत्व ओळखतो, पण तो साध्या प्रकाशावर चालतो. प्रकाशाची तरंगलांबीच चारशे-पाचशे नॅनोमीटर, तर दीडशेची पट्टी त्याला कुठून दिसणार? एका करड्या रंगापलीकडे काही हाती लागत नाही. चुंबकी सुई फिरवून पाहणारा एमएफएम असतो, त्यात पट्ट्या दिसतात. पण त्याची सुई स्वतःच चुंबक, ती ज्याला पाहते त्याला हलवतेही. शिवाय ती बाहेर सांडलेलं क्षेत्र पाहते, कोबाल्ट नव्हे.

म्हणून क्ष-किरण.

क्ष-किरण आरपार जायला हवेत, तेव्हा फिल्म नेहमीच्या सिलिकॉनवर बसवून भागत नाही. अर्ध्या मिलिमीटरचं सिलिकॉन ह्या मवाळ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांना भिंतच आहे. त्यासाठी सिलिकॉन नायट्राइडचे मेंब्रेन येतात: 5 मिलिमीटरची सिलिकॉनची चौकट आणि मधोमध अर्ध्या मिलिमीटरची खिडकी, तिच्यावर ताणून बसलेला फक्त 100 नॅनोमीटरचा पडदा. चिमट्याने चौकटीची कड धरायची, खिडकीच्या वाटेला जायचं नाही. धूळ बसली म्हणून फुंकर मारायची नाही. ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की पडद्यात ट्यूबचं प्रतिबिंब दिसतं. ती रेघ सरळ असली तर पडदा ठीक, रेघ नागमोडी झाली की फिल्मच्या ताणाने पडदा सुरकुतलाय समजायचं. खिडकीतून पलीकडचं टेबल स्वच्छ दिसायला लागलं, तर पडदाच उरलेला नाही. ही परीक्षा मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, आमच्या आधीच्या एका दीदीने शिकवली.

स्पटरिंगमध्ये आर्गॉनचे आयन कोबाल्टच्या चकतीवर आदळतात, तिथले अणू उडतात आणि समोरच्या नमुन्यावर जाऊन बसतात. ऐकायला सोपं आहे. पण त्याआधी चेंबरमधली हवा जवळजवळ सगळी काढावी लागते, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवा म्हणजे निम्मं पाणीच. जानेवारीत चेंबर उघडून मिटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दाब हवा तिथे आलेला असतो. आषाढात तोच चेंबर उघडला की भिंतींना पाण्याची वाफ चिकटते आणि कितीही पंप चालवा, ती सुटता सुटत नाही. उरलेल्या वायूंचा आलेख काढला की 18 वर टोक उंच उभं असतं. 18 म्हणजे पाणी. मग चेंबरला तापपट्ट्या गुंडाळून रात्रभर भाजायचा, आणि तेवढ्यात वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. मी दाराशी डीह्युमिडिफायर लावते, त्याची बादली पावसाळ्यात रोज ओतावी लागते. पाण्याची एवढी धास्ती का, तर पाच अणूंच्या कोबाल्टमधला एक अणूथर जरी ऑक्साइड झाला तरी वीस टक्के माल गेला.

मेंब्रेनशेजारी त्याच धारकावर साध्या सिलिकॉनचा एक तुकडाही ठेवायचा, म्हणजे त्याच्यावरही तेच थर, त्याच वेळी बसतात. मेंब्रेनला हात न लावता सगळ्या चाचण्या ह्या जुळ्या भावंडावर करता येतात. क्ष-किरण परावर्तनाने थरांची जाडी, आणि मॅग्नेटोमीटरवर हिस्टेरिसिस लूप, म्हणजे क्षेत्र बदललं तसं चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख. लूप चौकोनी आला तर माझं तोंड पडतं. तो तिरका हवा: क्षेत्र कमी करत आणलं की एका जागी झपकन खाली उतरणारा आणि मग सावकाश घसरणारा. तशा लूपचा अर्थ आत पट्ट्या तयार झाल्यात. कोबाल्ट शुद्ध राहिलाय की नाही हे बघायला जुळा तुकडा इंदूरला नेला. तिथलं इंडस-2 हे आपल्या देशातलं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वलयात फिरवून त्यांच्यापासून क्ष-किरण मिळवणारं यंत्र, 2.5 जीईव्ही ऊर्जेचं, घेर 172.5 मीटर. तिथल्या मवाळ क्ष-किरणांच्या बीमलाइनवर, म्हणजे वलयातून नमुन्यापर्यंत किरण आणणाऱ्या वाटेवर, शोषणाचा वर्णपट घेतला: कुठल्या ऊर्जेचे किरण किती शोषले जातात त्याचा आलेख. ऑक्साइड असतं तर कोबाल्टच्या मुख्य टोकाला बारीक बारीक शिंगं फुटली असती. टोक गुळगुळीत आलं. त्या दिवशी सराफ्यात जाऊन मनसोक्त खाल्लं, एवढंच इंदूरबद्दल सांगते.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि वर्णनांत ती नेहमी गाळली जाते. फिल्म पाठवण्याआधी तिला विचुंबकित करायचं असतं. म्हणजे एकदा वर, एकदा खाली असं क्षेत्र लावत, दर वेळी थोडं कमी करत शून्यावर आणायचं. हे क्षेत्र फिल्मला काटकोनात लावलं तर पट्ट्या वेड्यावाकड्या होतात, चक्रव्यूहासारख्या वळणावळणाच्या. तेच क्षेत्र फिल्मच्या पातळीत, आडवं लावलं तर पट्ट्या त्या दिशेला शिस्तीत समांतर उभ्या राहतात. फिल्म तीच, जाडी तीच, तापमान तेच. फरक फक्त तिने काय सोसलंय ह्याचा. आम्ही दोन्ही प्रकारचे नमुने केले. एखाद्या निबंधात डोमेनचं चित्र असेल आणि त्याआधी फिल्मला कुठलं क्षेत्र दाखवलं ते लिहिलेलं नसेल, तर त्या चित्रावरून पदार्थाबद्दल निष्कर्ष काढायला मी तरी धजावत नाही.

बर्लिनचं बेसी-2, स्वित्झर्लंडचं एसएलएस, फ्रान्सचं सोलेइ अशा काही ठिकाणी आम्हांला हवा तसा, नमुना किरणांखाली सरकवत बिंदूबिंदूने पाहणारा सूक्ष्मदर्शक आहे. बीमटाइम म्हणजे तिथले तास. त्यासाठी पैसे मोजायचे नसतात, प्रस्ताव लिहायचा असतो, आणि मागणारे इतके असतात की चांगले प्रस्तावही परत येतात. आमचा मंजूर झाला त्यात माझ्या मते एमएफएमच्या एका चित्राचा वाटा मोठा होता: आत पट्ट्या आहेत, रुंदी अशी आहे, तुमच्या यंत्राशिवाय पुढे जाता येत नाही. एवढं तीन ओळींत पटलं पाहिजे. प्रवासाचा खर्च आणि व्हिसाची तारीख जुळेना, तेव्हा ठरलं की नमुने कुरियरने जातील, तिथली बीमलाइन-शास्त्रज्ञ ते बसवेल आणि मी इथून पडद्यावर बघत ठरवीन.

कुरियरच्या कार्यालयात अर्जावर मी 'मॅग्नेटिक फिल्म' लिहिलं आणि काउंटरवरच्या मुलाने पेन खाली ठेवलं. विमानातून चुंबक पाठवायला नियम असतात, आणि ते बरोबरच आहे. मी तिथेच हिशेब करून दाखवला: 5 मिलिमीटर चौरसावर 12 नॅनोमीटर कोबाल्ट, वजन तीन मायक्रोग्रॅमहूनही कमी. तो म्हणाला, "मॅडम, मग वजनाच्या रकान्यात काय लिहू?" शेवटी डबीचं वजन लिहिलं, वस्तूच्या जागी 'सिलिकॉनचे नमुने, संशोधनासाठी, विक्रीसाठी नाहीत' आणि किंमत एक युरो. त्या एक युरोसाठी आम्ही किती रात्री चेंबर भाजला होता ते तिकडच्या कस्टमवाल्यांना काय ठाऊक.

तारखा आल्या त्या ऐन चवथीच्या. सिंक्रोट्रॉनच्या वेळापत्रकात गणपती नसतो. मी लॅपटॉप घेऊन मयेला गेले, कारण चवथीला घरी न जाणं आमच्यात आजारपणातसुद्धा चालत नाही. खाली बैठकीत काका आणि चुलतभाऊ गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटोळी बांधत होते, त्यातल्या कुठल्या रानफळाला काय म्हणतात ह्यावरून नेहमीप्रमाणे वाद. स्वयंपाकघरात नेवऱ्या तळल्या जात होत्या. मी माडीवरच्या खोलीत, खिडकीशी, कारण तिथेच वायफाय नीट पोचतं. शिवाय फोनचं हॉटस्पॉट तयार. तिथली दुपारची पाळी तीनला सुरू व्हायची, म्हणजे आमची संध्याकाळचे साडेसहा. संपायची रात्री अडीचला.

यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगते. सिंक्रोट्रॉनमधले इलेक्ट्रॉन चुंबकांच्या रांगांमधून वळवळत जातात आणि क्ष-किरण सोडतात. रांगा एकमेकींच्या मागेपुढे सरकवल्या की किरण उजवे किंवा डावे फिरणारे निघतात. हे किरण झोन प्लेटवर पडतात. झोन प्लेट ही साध्या काचेची भिंग नव्हे, ती सोन्याच्या समकेंद्री कड्यांची सूक्ष्म चकती आहे. तिचं सगळ्यात बाहेरचं कडं जेवढं अरुंद, तेवढं बारीक दिसतं. आमच्या वेळी ते 25 नॅनोमीटरचं होतं. ती किरण एका बिंदूत आणते, नमुना त्या बिंदूखालून पुढेमागे सरकतो, पलीकडे डायोड आरपार आलेला प्रकाश मोजतो. म्हणजे इथे कॅमेरा नाही. एका वेळी एकच ठिपका, मग पुढचा. पाच मायक्रॉनचा चौरस 25 नॅनोमीटरच्या पावलांनी घेतला तर 40,000 ठिपके, आणि प्रत्येकावर तीन मिलिसेकंद थांबलं तर दोन मिनिटं.

आणि ऊर्जा कोबाल्टचीच निवडायची. 778 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास कोबाल्ट एकदम जास्त शोषायला लागतो, ही त्याची एल3 कडा. प्लॅटिनम-टँटलमला ह्या ऊर्जेशी काही देणंघेणं नाही. ह्या कडेवर उजवे किरण आणि डावे किरण चुंबकित कोबाल्टमध्ये सारखे शोषले जात नाहीत. चुंबकत्व किरणांच्या दिशेने आहे की उलट, त्यावर कोणते जास्त ते ठरतं. 1987 मध्ये गिझेला श्युट्झ आणि सहकाऱ्यांनी हा परिणाम लोखंडावर दाखवला, आणि 1993 मध्ये त्याच्या जोरावर डोमेनची चित्रं निघाली.

आधी फोकस. मेंब्रेनवरच्या एका धुळीच्या कणावरून रेघ ओढत झोन प्लेट मागेपुढे करायची. पडद्यावर डमरूचा आकार येतो, मध्ये जिथे कंबर सगळ्यात बारीक तिथे फोकस. ऊर्जा बदलली की फोकसही बदलतो, म्हणून प्रत्येक कडेवर हे नव्याने. मग पहिलं स्कॅन. ओळीमागून ओळ पडदा भरत गेला. काळे डाग, एक ओरखडा, बाकी पिठासारखं करडं. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. तेवढ्यात शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, कॉन्ट्रास्ट ओढून बघ. ओढला. धुळीच्या मागून फिकट, वळणावळणाच्या रेघा वर आल्या.

एका प्रतिमेवर मात्र विश्वास ठेवायचा नसतो. धूळ, जाडीतला फरक, बीमची चढउतार, सगळं त्यात मिसळलेलं असतं. मग ध्रुवीकरण उलटं करून, म्हणजे उजव्यांच्या जागी डावे किरण आणून, तीच जागा पुन्हा घ्यायची. दोन्ही प्रतिमांत जे समान आहे ते भागाकारात उडतं आणि चुंबकत्व तेवढं उरतं. पण भागाकाराआधी दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकमेकींवर बसायला हव्यात, आणि दोन स्कॅनमध्ये नमुना काही दहा नॅनोमीटर तरी सरकतोच. बसवायला खूण कोणती? तोच धुळीचा कण. ज्या मेंब्रेनवर मी डोळ्यांत तेल घालून धूळ येऊ दिली नव्हती तिथे आम्हांला जागा जुळवायला काही सापडेना; किंचित मळलेल्यावर काम झरझर झालं. आता मी मुद्दाम एका कोपऱ्यात सोन्याच्या खुणा सोडते.

भागाकार माझ्या लॅपटॉपवर होत होता, आणि काकू नेवऱ्यांची ताटली घेऊन वर आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हें कितें? शिरवळ्यो?" काळ्या-पांढऱ्या, एकसारख्या जाडीच्या, कुठेही न तुटता वळत जाणाऱ्या. ताटात पडलेल्या शिरवळ्यांहून, म्हणजे तांदळाच्या शेवयांहून, जवळचं वर्णन मी अजून कुठल्या निबंधात वाचलेलं नाही.

रेघा चुंबकी आहेत हे पटवायला दोन परीक्षा असतात, त्या मी हट्टाने करून घेतल्या. कडेच्या अलीकडे, 770 इलेक्ट्रॉनव्होल्टवर तीच जागा घेतली: रेघा गायब, धूळ तेवढी शिल्लक. मग पुढच्या एल2 कडेवर, 793च्या आसपास: रेघा परत आल्या, पण काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. ही उलटापालट कोबाल्टच्या इलेक्ट्रॉनांच्या रचनेतूनच येते, धुळीला किंवा जाडीला ती जमत नाही. प्रतिमा सुंदर नाही, एल2वर सिग्नल कमी असतो, पण माझ्या दृष्टीने सगळ्या बीमटाइममधली तीच सर्वांत किमती. बीमटाइमचे तास त्यावर घालवायचे का, ह्यावर फोनवर सरांशी थोडं वाजलंही. त्यांचं म्हणणं, हे सगळ्यांना माहीतच आहे, पुढे चला. माझं म्हणणं, माहीत असलेलं आपल्या फिल्मवर खरं आहे का ते आधी बघू.

आठच्या सुमाराला बीम गेला. स्कॅन अर्ध्यावर, वरचा भाग रेघांचा आणि खालचा एकदम काळा. असं होतं, साठवण-वलयातला इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कुठल्याशा कारणाने पडतो, तो पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि भरल्यावरही आरसे पुन्हा पूर्वीइतके तापेपर्यंत सगळं सरकत राहतं. एरवी अशा वेळी जीव खालीवर होतो. त्या दिवशी खाली आरती सुरू होत होती. मी जिना उतरले, चुलतभावाने मातीचं घुमट वाजवायला मांडीत घेतलं होतं, दुसऱ्याकडे शामेळ हे तालवाद्य, मला कासाळें, म्हणजे झांजा, दिली. आमच्याकडे आरत्या लवकर संपत नाहीत. एक संपता संपता कोणाला तरी दुसरी आठवते. मंत्रपुष्पांजली होऊन वर आले तेव्हा बीम परत आला होता आणि शास्त्रज्ञ बाईंचा संदेश होता: मागून तो कसला आवाज येत होता, माईक चालूच राहिला होता.

त्यानंतरचा भाग क्षेत्र लावून पाहण्याचा. नमुन्याभोवती चार कायमचुंबक असतात, ते फिरवून हवं तेवढं क्षेत्र मिळतं. क्ष-किरणांनी पाहण्याचा हाच मोठा फायदा. इलेक्ट्रॉनांनी प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात क्षेत्र लावलं की प्रतिमा बनवणारे इलेक्ट्रॉनच वाकतात, क्ष-किरणांना त्याची फिकीर नाही. क्षेत्र वाढवत नेलं तशा काळ्या रेघा अरुंद झाल्या, मग आखडल्या. टोकं मागे सरकू लागली. क्षेत्र फक्त एकाच दिशेने वाढवायचं, चुकून मागे आलं तर रेघा आधीच्या मार्गाने परत येत नाहीत, सुरुवातीपासून नव्याने संपृक्त करून, म्हणजे सगळं चुंबकत्व एकाच बाजूला वळवून, यावं लागतं. दर पायरीला चुंबक फिरले की नमुनाही किंचित ढकलला जायचा आणि जागा पुन्हा हुडकावी लागायची. 140 मिलिटेस्लाच्या आसपास रेघा तुटल्या आणि त्यांच्या जागी गोल ठिपके उरले, शंभरेक नॅनोमीटरचे. आणखी वाढवल्यावर एकेक ठिपका नाहीसा झाला. एक मात्र शेवटपर्यंत हटेना. बहुधा तिथे फिल्ममध्ये काही खोट असावी.

ह्या ठिपक्यांवरून आमच्या गटात अजून एकमत नाही. सरांना त्यांना स्कर्मियॉन म्हणायचंय. प्लॅटिनम आणि टँटलममध्ये कोबाल्ट दाबलेला असला की ठिपक्याच्या भिंतीतलं चुंबकत्व सगळीकडे एकाच बाजूने वळत गेलेलं असण्याची शक्यता असते, आणि तसं ते असेल तरच तो स्कर्मियॉन. पण किरण फिल्मवर सरळ पडतात तेव्हा चुंबकत्वाचा फक्त वर-खाली भागच दिसतो. भिंतीच्या आत चुंबकत्व कुठे वळलंय ते ह्या प्रतिमेत मुळी नोंदलंच जात नाही. ठिपका गोल आहे, लहान आहे, एवढंच खात्रीने सांगता येतं. तसा तर साधा बबलही असतो. मोठं नाव लावलं की निबंध चांगल्या नियतकालिकात जातो हे मलाही कळतं. पण नाव लावायचं तर मोजून लावावं.

समांतर रेघांचा नमुना शेवटच्या पाळीत पाहिला. आडव्या क्षेत्रात विचुंबकित केलेला तो, आणि खरंच रेघा एका दिशेला उभ्या, मध्ये मध्ये एखादीला फाटा फुटलेला. दोन्ही नमुन्यांच्या प्रतिमांचं फूरिए रूपांतर केलं, म्हणजे रेघा किती अंतराने आणि कुठल्या दिशेला पुन्हा पुन्हा येतात ते दाखवणारं गणित. चक्रव्यूहाचं आलं पूर्ण कडं, समांतर रेघांचे आले दोन ठिपके. केंद्रापासूनचं अंतर जवळपास सारखं. म्हणजे रुंदी फिल्मने ठरवली, दिशा इतिहासाने. हा आलेख आता प्रकरणातला पहिला आहे, स्कॅन केलेल्या सगळ्या प्रतिमांच्या आधी.

ठिपक्यांच्या भिंतीचा निकाल लावायचा तर नमुना किरणांसमोर 30 अंशांनी तिरका करावा लागेल, म्हणजे आडवं चुंबकत्वही थोडं दिसेल. पुढचा प्रस्ताव त्याचाच आहे. अडचण साधी आणि चिवट आहे. झोन प्लेटचा फोकस पावणेचार मिलिमीटरवर. मध्ये नको असलेले किरण अडवणारी बारीक भोकाची चकती, तिच्यात आणि नमुन्यात मिलिमीटरही नाही. 5 मिलिमीटरची चौकट 30 अंशांनी कलली की तिची कड सव्वा मिलिमीटर पुढे येते आणि त्या चकतीवर आदळते. तेव्हा लहान चौकटीचे, किंवा कडेजवळ खिडकी असलेले मेंब्रेन हवेत. ते मागवलेत. पावसाळा संपायच्या आत आले तर मी चेंबर उघडणार नाही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की बघू.